जपानी ग्रामर: कार्ड कशाचं करायचं, वाचायचं काय, आणि कार्डाच्या मागे मराठी का लिहायचं

एन४ (जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची लेव्हल, एन५ सगळ्यात सोपी, एन१ सगळ्यात अवघड) झाली की जवळपास प्रत्येकजण एकच प्रश्न विचारतो, की आता एन३ चं ग्रामर कसं करू, आंकीत (पुढे प्रश्न, मागे उत्तर अशी कार्डं दाखवणारं ॲप) डेक, म्हणजे कार्डांचा गठ्ठा, टाकून रोज घोटत बसू की सरळ काहीतरी जपानी वाचायला घेऊ. दोन्ही बाजूंनी बोलणारे लोक असतात आणि दोन्ही बाजू अगदी ठामपणे बोलतात. माझं मत आधीच सांगून टाकते म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुम्हाला ठरवता येईल: ग्रामर वाचनातून येतं, कार्ड फक्त ते निसटू नये म्हणून असतं. आणि आपण मराठी माणसं इंग्लिश अर्थ पाठ करून स्वतःचं काम उगाच दुप्पट करतो, कारण जपानी वाक्याची बांधणी मराठीला जितकी जवळ आहे तितकी इंग्लिशला अजिबात नाही. खाली सगळं याच्याच आधाराने आहे.

आधी कार्ड काय करतं ते नीट समजून घ्या

विसरण्याचा वेग सुरुवातीला जास्त असतो आणि मग मंदावतो, हे एबिंगहाउसने १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून मांडलं होतं. विसरायच्या जरा आधी पुन्हा बघायचं आणि दर वेळी मधलं अंतर वाढवत न्यायचं, एवढंच आंकीचं तत्त्व. २००६ मध्ये हे ॲप आलं ते मुळात जपानी शिकण्यासाठीच बनवलं होतं, आणि शब्दांसाठी, कांजीच्या (चिनीतून आलेल्या अक्षरांच्या) वाचनासाठी त्याला तोड नाही हे मी मनापासून मान्य करते. 'त्सुकुए' म्हणजे टेबल, प्रश्न एक, उत्तर एक, विषय संपला.

ग्रामरचं तसं नसतं ना. 'ते इरु' घ्या. क्लासमध्ये पहिल्यांदा शिकवतात ते 'ताबेते इरु' म्हणजे खातोय. मग आपण कार्ड करतो, पुढे 'ते इरु', मागे 'चालू क्रिया', आणि दोन महिने ते कार्ड बरोबर येत राहतं. मग एक दिवस वाचताना 'तानाका-सान वा मोउ किते इमासु' येतं आणि आपण वाचतो तानाकासान येतायत, पण त्याचा अर्थ आहे की ते आधीच आलेत, येऊन बसलेत. 'केक्कोन शिते इरु' म्हणजे लग्न चालू आहे असं नाही, लग्न झालेलं आहे. 'शिन्दे इरु' म्हणजे मरतोय असं नाही, मेलेलं आहे. कार्ड बरोबर आलं, आंकीने शाबासकी दिली, आणि वाक्य चुकलं. हा कार्डाचा दोष म्हणता येणार नाही, एका ओळीत मावेल असं ते नव्हतंच.

आणि हे वाचनात कसं सुटतं, तर लाइट 'त्सुइते इरु', दार 'आइते इरु', माणूस 'सुवात्ते इरु', अशी वीस-पंचवीस वाक्यं वेगवेगळ्या गोष्टींत भेटली की आपोआप कळायला लागतं की क्रियापद एका क्षणात होणारं असेल (येणं, मरणं, लागणं, उघडणं) तर 'ते इरु' म्हणजे त्यानंतरची स्थिती. मराठीत बघा, लाइट लागलाय, दार उघडंय, तो बसलाय, पाहुणे आलेत. आपल्याला ही जाणीव आधीपासून आहे, फक्त इंग्लिशच्या 'आयएनजी' मधून शिकल्यामुळे ती झाकली जाते.

वाचायला बसण्याआधी किमान किती लागतं

वाचन वाचन म्हणून एकदम कादंबरी उघडली तर काही होत नाही, चार ओळींत दमायला होतं. आधी एवढं पक्कं करा:

हिरागाना, काताकाना (जपानीच्या दोन अक्षरमाला), डोळे मिटून. यावर चर्चाच नको.

क्रियापदाची रूपं. हे मात्र घोटायचंच, आणि इथे कार्ड उत्तम चालतात. 'काकु' चं 'काइते', 'नोमु' चं 'नोन्दे', 'मात्सु' चं 'मात्ते', 'हानासु' चं 'हानाशिते', आणि 'इकु' चं मात्र 'इत्ते'. नियम पाच-सहाच आहेत पण ते विचार न करता यायला हवेत, कारण वाचताना उलटं जावं लागतं, 'नोन्दे' दिसलं की 'नोमु' आठवलं पाहिजे, तेव्हाच डिक्शनरीत सापडेल. म्हणून कार्ड दोन्ही बाजूंनी करा. रूप बदलणं ही हाताची सवय आहे, ती वाचनाने यायला फार वेळ लागतो आणि सरावाने काही आठवड्यांत येते.

विभक्तीसारखे छोटे शब्द: ओ, नि, दे, ए, तो, कारा, मादे, नो, मो. यांचा एक-एक ढोबळ अर्थ. 'वा' आणि 'गा' सध्या कामापुरते, त्यांच्याकडे खाली येते.

आणि क्लासच्या पहिल्या पुस्तकातलं, म्हणजे साधारण एन५ आणि एन४ चा बराचसा भाग, एकदा नजरेखालून गेलेला. पाठ असायची गरज नाही, "हे कुठेतरी बघितलंय" इतपत ओळख पुरते. इतकं झालं की वाचायला लागा, अजून थोडं पक्कं करते मग वाचते असं म्हणत थांबू नका, कारण ते "पक्कं" वाचल्याशिवाय होत नाही आणि वाचणं पक्कं झाल्याशिवाय सुरू होत नाही, या चक्रात लोकांची वर्षं जातात.

कार्डाच्या मागे मराठी

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो म्हणून जरा सविस्तर लिहिते.

नेटवर मिळणारे बहुतेक तयार डेक इंग्लिशमध्ये आहेत. इंग्लिशमध्ये क्रियापद मध्ये येतं, अव्यय नामाच्या आधी येतं, विशेषण-वाक्य नामाच्या नंतर येतं, म्हणजे सगळंच उलटं. मराठीत क्रियापद शेवटी, प्रत्यय नामाच्या मागे, आणि नामाला चिकटणारं वर्णन नामाच्या आधी, थेट जपानीसारखं. 'किनोउ वाताशि गा कात्ता होन' हे "काल मी विकत घेतलेलं पुस्तक" असं शब्दाला शब्द लावत जातं, क्रम बदलायचा नाही, काही फिरवायचं नाही. एखाद्या इंग्लिश माणसाला या एका रचनेवर महिने घालवावे लागतात आणि आपण ते आईच्या मांडीवर शिकलोय.

पण खरी मजा क्रियापदाच्या 'ते' रूपानंतर (ताबेते, काइते) येणाऱ्या दुसऱ्या क्रियापदांत आहे. इंग्लिश कार्डावर यांचे अर्थ दोन-दोन ओळींचे लिहावे लागतात, आपल्याकडे ते असे आहेत:

'ते मिरु': ताबेते मिरु, खाऊन बघ. 'मिरु' म्हणजे बघणंच. काहीच शिकायचं नाहीये.

'ते ओकु': किप्पु ओ कात्ते ओकिमासु, तिकिटं काढून ठेवते. 'ओकु' म्हणजे ठेवणंच.

'ते शिमाउ': केकि ओ झेम्बु ताबेते शिमात्ता, सगळा केक खाऊन टाकला. आणि 'साइफु ओ ओतोशिते शिमात्ता', पाकीट हरवून बसले. इंग्लिश कार्डावर लिहिलेलं असतं एक, पूर्ण होणं, दोन, पश्चात्ताप, आणि शिकणारा विचार करत बसतो की या दोघांचा संबंध काय. मराठीत "ऊन टाकणं" आणि "ऊन बसणं" म्हणून बघा, दोन्ही छटा लगेच जाणवतात, आणि कुठे कुठली ते वाक्यच सांगतं.

'ते मो इइ': तोत्ते मो इइ देसु का, घेतलं तरी चालेल का? आणि त्याचं उलट 'ते वा इकेनाइ': ओकुरेते वा इकेनाइ, उशीर करून चालणार नाही. हे वाचून अंगावर काटा आला नाही तर सांगा.

'सोउ देसु' दोन प्रकारचा असतो आणि परीक्षेत हमखास गोंधळ होतो. 'अमे गा फुरिसोउ देसु', पाऊस पडेलसं दिसतंय, आभाळ बघून म्हणतोय. 'अमे गा फुरु सोउ देसु', पाऊस पडणार म्हणे, कुणाकडून तरी ऐकलंय. आपल्याकडे "म्हणे" हा एक शब्द हे पूर्ण काम करतो, इंग्लिशमध्ये त्यासाठी अख्खं वाक्य लागतं.

जोडीची क्रियापदं, जिदोउशि (अकर्मक) आणि तादोउशि (सकर्मक), यांची तर लोक मोठी मोठी टेबलं पाठ करतात. 'कोप्पु गा वारेता', कप फुटला. 'कोप्पु ओ वात्ता', कप फोडला. पडणं-पाडणं म्हणजे ओचिरु-ओतोसु. फुटणं-फोडणं, तुटणं-तोडणं, मिटणं-मिटवणं, मराठीत अशा जोड्यांचा खजिना आहे. कार्डाच्या मागे "ब्रेक" लिहिलंत तर कुठला ब्रेक ते कधीच लक्षात राहणार नाही, "फुटणं" लिहिलंत तर विषय मिटला.

म्हणून तयार डेक घेतलात तरी मागची बाजू खोडून मराठी लिहा. वेळ लागतो, पण ते लिहिणं हाच अभ्यास आहे. आणि पुस्तकी मराठी नको, घरी बोलताना जे म्हणाल तेच लिहा. "भक्षण करून पाहणे" असं लिहिलंत तर काही उपयोग नाही.

जिथे मराठी दगा देते

हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. काही जागा अशा आहेत की मराठीचा हात धरून गेलात तर खड्ड्यात, आणि कार्डही तिथे फार मदत करत नाही. तिथे वाचनाला पर्याय नाही.

एक म्हणजे देण्याघेण्याची क्रियापदं. 'ते मोराउ' हे आपलं "करून घेणं", 'तोमोदाचि नि ओशिएते मोरात्ता', मैत्रिणीकडून शिकून घेतलं, इथपर्यंत छान (फक्त 'नि' इथे "कडून" होतो ते लक्षात ठेवा). पण "करून दिलं" याला जपानीत दोन आहेत, मी दुसऱ्याला करून दिलं तर 'ते आगेरु', दुसऱ्याने मला करून दिलं तर 'ते कुरेरु'. मराठीत दोन्हीकडे "दिलं"च. जपानी वाक्यात बहुतेक वेळा "मी" आणि "मला" लिहिलेलंच नसतं, 'कुरेता' आलं यावरूनच समजायचं की मला मिळालं. गोष्टी वाचताना कोण कुणाला बोलतंय हे बऱ्याचदा याच एका क्रियापदावरून कळतं. हे नियम म्हणून पाच मिनिटांत समजतं आणि वाचताना अंगात मुरायला काही महिने लागतात.

दुसरं 'वा' आणि 'गा'. यावर पुस्तकंच्या पुस्तकं आहेत, मी तुम्हाला फक्त मोमोतारोच्या लोककथेची पहिली दोन वाक्यं दाखवते जी जपानमधल्या प्रत्येक पोराला येतात: 'मुकाशि मुकाशि, आरु तोकोरो नि, ओजीसान तो ओबाआसान गा इमाशिता. ओजीसान वा यामा ए शिबाकारि नि, ओबाआसान वा कावा ए सेन्ताकु नि इकिमाशिता.' आटपाट नगर होतं, तिथे एक आजोबा आणि एक आजी राहत होते. आजोबा डोंगरावर लाकूडफाटा आणायला आणि आजी नदीवर धुणं धुवायला गेली. पहिल्यांदा ओळख करून दिली तेव्हा 'गा', ओळख झाल्यावर पुढचं सांगताना 'वा'. आपल्या भाषांतरात बघा, पहिल्या वाक्यात "एक आजोबा" म्हणावं लागलं, दुसऱ्यात नुसतं "आजोबा". तो "एक" जे काम करतो ते इथे 'गा' करतोय. शिवाय दुसऱ्या वाक्यात आजोबा इकडे आणि आजी तिकडे अशी तुलनाही 'वा' ने साधलीय. एवढं सगळं दोन वाक्यांत. कुठल्या कार्डावर मावणार हे? अशा दहा लोककथा वाचा, प्रत्येकीची सुरुवात अशीच असते, आणि मग नवीन गोष्टीत नवीन पात्र 'गा' लावून आलं की तुम्ही न सांगता सावरून बसाल.

तिसरं म्हणजे "तर". मराठीत एका "तर"ने आपण सगळं भागवतो, जपानीत 'तो', 'बा', 'तारा', 'नारा' चार आहेत. 'बोतान ओ ओसु तो किप्पु गा देमासु', बटण दाबलं की तिकीट येतं, दर वेळी येतं, हा 'तो'. 'उचि नि काएत्तारा देन्वा शिते', घरी पोचल्यावर फोन कर, हा 'तारा', आणि इथे 'तो' चालत नाही कारण पुढे विनंती आहे. 'क्योतो नि इकु नारा शिन्कान्सेन गा बेन्रि देसु', क्योतोला जाणारच असशील तर शिन्कान्सेन (बुलेट ट्रेन) सोयीची, समोरच्याचं बोलणं धरून सल्ला दिला की 'नारा'. यादीत एवढं वाचून आपण खूश होतो आणि मग गोष्टीत येतं 'दोआ ओ आकेरु तो नेको गा इता'. दार उघडलं की दर वेळी मांजर असतं? नाही. दार उघडलं तर काय, समोर मांजर! कथेत 'तो' चा हा उपयोग सतत भेटतो, आणि आपलं ते "तर काय" अगदी तसंच आहे, पण ते वाचल्याशिवाय सुचत नाही.

चौथं, त्रास झाल्याचा पॅसिव्ह. 'अमे नि फुरारेता', शब्दशः पाहिलं तर पावसाकडून पडलं गेलो, म्हणजे पावसाने गाठलं, भिजलो. मराठीत याला रचना नाही, वेगळं वाक्यच करावं लागतं. हे वाचनात जसं दिसेल तसं घ्या, आधी पाठ करू नका.

काय वाचायचं

वाचनाबद्दल संशोधनात एक आकडा नेहमी येतो, की मदतीशिवाय आरामात समजायला मजकुरातले साधारण ९८ टक्के शब्द ओळखीचे लागतात. तो अभ्यास इंग्लिश वाचणाऱ्यांवर होता पण अंदाज यायला ठीक आहे, म्हणजे पन्नास शब्दांत एक अनोळखी. सुरुवातीला अस्सल जपानी मजकुरात हे शक्यच नाही. म्हणून तादोकु पद्धतीची श्रेणीबद्ध पुस्तकं घ्या, जपानमधल्या एका ना-नफा संस्थेने पातळीनुसार बनवलेली छोटी चित्रांची पुस्तकं आहेत, बरीचशी त्यांच्या साइटवर फुकट आहेत, शून्य पातळीपासून. त्यांचे नियम मला फार आवडतात: सोप्यापासून सुरू करा, डिक्शनरी बघू नका, कळलं नाही ते सोडून पुढे जा, कंटाळा आला तर पुस्तक बदला. सोपं वाटलं तरी भरपूर वाचा. सोपं वाचताना डोकं शब्दांत अडकत नाही म्हणून ग्रामरकडे लक्ष जातं, हीच तर गोष्ट आहे.

त्यानंतर फुरिगाना (कांजीजवळ लहान अक्षरांत लिहिलेला उच्चार) असलेली मांगा, म्हणजे जपानी कॉमिक्स. मुलांसाठीच्या मांगामध्ये बहुतेक कांजीवर फुरिगाना असतोच. चित्र असल्यामुळे कोण कुणाला बोलतंय ते कळतं आणि 'कुरेरु-आगेरु'चा घोळ चित्रातच सुटतो. फक्त मांगामध्ये बोलीभाषा असते, तिथे रूपं आखडतात: 'ते इरु' चं 'तेरु', 'ते शिमाउ' चं 'चाउ', 'ते ओकु' चं 'तोकु', 'नाकेरेबा' चं 'नाक्या'. आपण "करतो आहे" चं "करतोय" करतो तसंच हे. ही चार-पाच रूपं एका कागदावर लिहून पुस्तकात ठेवा, तेवढ्याने अर्धी मांगा सोपी होते.

अगदी लहान मुलांची, फक्त हिरागानातली पुस्तकं सोपी असतील असं वाटतं पण तसं नसतं, कांजी नसल्यामुळे शब्द कुठे सुरू होतो कुठे संपतो ते कळत नाही, आणि त्यातले ध्वन्यनुकारी शब्द डिक्शनरीतही धड सापडत नाहीत. थोड्या कांजी येत असतील तर मधल्या इयत्तांची पुस्तकं बरी.

आओझोरा बुन्को ही १९९७ पासून चालू असलेली फुकट डिजिटल लायब्ररी आहे, कॉपीराइट संपलेलं साहित्य तिथे मिळतं. नाव सगळे सुचवतात पण घाई नको, बरंचसं लेखन जुनं आहे, काही तर जुन्या काना-लेखनातलं, म्हणजे आज कुणी लिहीत नाही असं ग्रामर डोक्यात बसेल. बालकथा निवडून वाचा, तेही एन३ च्या पुढे गेल्यावर.

वाचायचं कसं

रोज अर्धा तास म्हणू या. त्याचे दोन भाग करा. पहिला मोठा भाग न थांबता वाचा, गोष्ट काय आहे एवढंच बघा, पेन नको, मोबाइल नको. उरलेल्या वेळात त्याच मजकुरातला एकच परिच्छेद घ्या आणि तो सोलून काढा.

सोलायचं कसं, तर शेवटापासून. जपानी लांब वाक्य आलं की आधी शेवटचं क्रियापद पकडा, मग त्याला 'गा' कोण, 'ओ' कोण ते शोधा, मग प्रत्येक नामाच्या आधी जे लांबलचक शेपूट लागलंय ते "-लेलं", "-णारं" लावून मराठीत म्हणा. 'एकि दे आत्ता हितो गा कुरेता चिझु', स्टेशनवर भेटलेल्या माणसाने दिलेला नकाशा. मोठ्याने मराठीत म्हटलंत की बहुतेक वाक्यं उलगडतात. आणि जे ग्रामर कळलं नाही ते तेव्हाच, त्या वाक्यासकट, ग्रामरच्या पुस्तकात शोधा. प्रश्न पडल्यावर वाचलेला नियम डोक्यात राहतो, प्रश्न न पडता वाचलेल्या यादीचं काय होतं ते आपण सगळे जाणतो.

कॉम्प्युटरवर वाचत असाल तर योमितान नावाचं ब्राउझर एक्स्टेन्शन टाका, शब्दावर माउस नेला की अर्थ येतो, रूप बदललेलं असलं तरी मूळ क्रियापद ओळखतं, आणि एका क्लिकवर आंकीत कार्डही जातं. सोय मोठी आहे पण न थांबता वाचायच्या भागात ते बंद ठेवा, नाहीतर प्रत्येक शब्दावर माउस जात राहतो आणि वाक्य म्हणून काही वाचलंच जात नाही.

आणि आता कार्ड

कार्ड फक्त वाचलेल्या वाक्याचं. पुढे पूर्ण वाक्य, जसंच्या तसं, त्यात न येणारी गोष्ट एकच हवी, दोन असतील तर ते वाक्य सोडा, दुसरं मिळेल. मागे अख्ख्या वाक्याचं बोली मराठी आणि त्याखाली कुठून घेतलं ते, म्हणजे गोष्ट आठवते. ग्रामरचं नाव, लेव्हल, नियम काही नको. स्वतःला विचारायचं एवढंच की वाक्य वाचून अर्थ लागला का. लागला तर आंकीचं गुड बटण, नाही तर अगेन, हार्ड आणि इझीच्या फंदात पडू नका.

एकाच ग्रामरची तीन-चार वेगवेगळी वाक्यं कार्डात आली तर चांगलंच. 'शिमाउ' ची "टाकलं" वाली दोन आणि "बसलो" वाली दोन, म्हणजे डोकं एका अर्थाला चिकटत नाही.

रोज नवीन कार्ड किती, तर आंकीत डीफॉल्ट २० असतात, ग्रामरच्या वाक्यांसाठी ते फार होतात. पाच ठेवा, फार तर आठ. नवीन कार्डांची संख्या वाढवली की काही आठवड्यांनी रिव्ह्यूचा ढीग येतो आणि तो उपसण्यात वाचनाचा वेळ जातो, आणि वाचन बंद पडलं की या सगळ्याला अर्थच उरत नाही. वेळ कमी असेल त्या दिवशी आधी वाचा, मग उरला वेळ तर कार्ड.

तेच कार्ड आठ वेळा चुकलं की आंकी त्याला लीच, म्हणजे नुसता वेळ खाणारं कार्ड, ठरवतं, आणि सेटिंग तसं असेल तर बाजूलाही टाकतं. ते परत आणू नका, उडवून टाका. ते ग्रामर खरंच गरजेचं असेल तर पुढच्या पुस्तकात पुन्हा येईल आणि तेव्हा जास्त चांगलं वाक्य मिळेल. अंतर २१ दिवसांच्या पुढे गेलेलं कार्ड आंकी मॅच्युअर (पक्कं झालेलं) धरतं, आणि ज्या ग्रामरची सगळी कार्डं मॅच्युअर झालीत व जे वाचताना सहज ओळखू येतंय ते मी सरळ सस्पेंड करते, म्हणजे थांबवून ठेवते.

परीक्षा तोंडावर असेल तर

जेएलपीटीचं थोडं वेगळं आहे. भारतात ती जुलै आणि डिसेंबरमध्ये होते, पुण्यातही. २०१० मध्ये पाच लेव्हल झाल्यापासून ग्रामरची अधिकृत यादी छापलीच जात नाही, त्यामुळे "एन३ ग्रामर लिस्ट" म्हणून जे फिरतं ते पुस्तकवाल्यांनी जुन्या पेपरांवरून आणि अनुभवावरून काढलेलं आहे. उपयोगी आहे पण वेदवाक्य नाही. एन३ ला १८० पैकी ९५ लागतात, एन२ ला ९०, एन१ ला १००, आणि या तिन्ही लेव्हलना भाषाज्ञान, वाचन, श्रवण अशा प्रत्येक भागात ६० पैकी किमान १९ हवेतच. म्हणजे ग्रामरची यादी कितीही घोटली आणि वाचनात १८ आले तर एकूण भरले तरी नापास. यादी घोटणाऱ्यांचा घात इथेच होतो, वेळ पुरत नाही, शेवटचा मोठा उतारा तसाच राहतो.

म्हणून परीक्षेच्या दोन महिने आधीपर्यंत वर सांगितलेलंच करा. मग यादी काढा आणि त्यावर फक्त खुणा करा: वाचनात भेटलेलं, अंधुक भेटलेलं, कधीच न भेटलेलं. तिसऱ्या गटाची कार्डं बिनधास्त करा, यादीतल्या उदाहरण-वाक्यासकट, इथे वेळ कमी आहे आणि निदान ओळख तरी हवी. दुसऱ्या गटासाठी सरावपुस्तकातले उतारे वाचा, घड्याळ लावून.

एक प्रश्नप्रकार मात्र आवर्जून सरावात घ्या, चार तुकडे दिलेले असतात आणि ते लावून चांदणीच्या जागी कुठला येतो ते सांगायचं. यात मराठी माणसाला मोठा फायदा आहे कारण तुकड्यांचा क्रम आपल्या वाक्यासारखाच लागतो. आधी पूर्ण वाक्याचा मराठी अंदाज बांधा, नामाच्या आधी कुठलं वर्णन बसतंय ते बघा, मग 'नो', 'तो', 'नि' ने संपणारे तुकडे कुणाला चिकटतात ते जुळवा. घरी सराव करायचा असेल तर आंकीतलंच ओळखीचं वाक्य घ्या, चिठ्ठ्यांवर तुकडे लिहून पिसा आणि परत लावा, लावून झाल्यावर मूळ वाक्याशी ताडून बघा, आणि जिथे दोन क्रम शक्य वाटले तिथे कुठल्या प्रत्ययामुळे दुसरा क्रम बाद होतो ते शोधूनच पुढची चिठ्ठी उचला.